‘स्टेशनरी’चे इंग्रजी स्पेलिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की मराठवाड्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची रीघ लागते आणि त्याच सुमारास नव्या पाट्या व फ्लेक्सही झळकू लागतात. त्यांवरच्या ठळक देवनागरी ओळीत सहसा चूक नसते. घोळ होतो तो खालच्या इंग्रजी ओळीत. तेथे ‘स्टेशनरी’चा शेवट ई-आर-वाय असा हवा असताना सर्रास ए-आर-वाय असा केलेला आढळतो. परभणीच्या बाजारात एकाच दुकानाच्या पाटीवर एक आणि बिलबुकावर दुसरे स्पेलिंगही मी पाहिले आहे.

ही नुसती अक्षराची हयगय नव्हे, कारण ‘ए’ घातला की शब्दच बदलतो. तो शब्द विशेषण असून त्याचा अर्थ स्थिर, जागचे न हलणारे असा आहे. त्यामुळे दुकान अचल असल्याची ग्वाही तेवढी मिळते, वही-पेनाचा पत्ता लागत नाही! मौज अशी की दोन्ही शब्द मूळ एकाच लॅटिन कुळातले. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांची चलती असताना एका जागी ठाण मांडून, बहुधा विद्यापीठाच्या आश्रयाने, ग्रंथ विकणाऱ्याला ‘स्टेशनर’ हे नाव पडले. लंडनमध्ये या व्यावसायिकांचा संघ १४०३ साली स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. बेकरची जशी बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी, म्हणून तेथे ‘ई’. शाळेत ‘एन्व्हलप’चा, म्हणजे पाकिटाचा, ‘ई’ लक्षात ठेवा असे सांगतात. ते सोयीचे खरे, पण बेकरीच्या जोडीने कारणही कळते, म्हणून मला ती अधिक पटते.

संगणकावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही शब्द कोशातले असल्याने स्पेलचेक बहुतेक वेळा लाल रेघ ओढत नाही. फ्लेक्सवाला छपाईपूर्वी मोबाइलवर प्रूफ पाठवतो, तेव्हा दुकानदार आपले नाव, फोटो व फोन नंबर तेवढा तपासतो आणि ‘ओके’ कळवून मोकळा होतो. त्याच वेळी या एका अक्षरावरही नजर टाकावी, तसेच शाळांनी खरेदीसाठी मागवलेल्या दरपत्रकांतही ते पाहून घ्यावे, एवढीच विनंती आहे. तरीही शंका राहिलीच तर इंग्रजी ओळ खुशाल गाळावी. पाटीवर कायद्याची सक्ती मराठीची आहे, इंग्रजीची नाही.

आपला,
एक वाचक, परभणी