फवारणीचा धोका मुलांना मोबाइलवर दाखवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांमध्ये मोबाइलवरील ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजेच ‘एआर’चा (कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकीय चित्र उभे करणाऱ्या तंत्राचा), वापर करण्याविषयी हल्ली बरेच बोलले जाते; उदाहरणे मात्र बहुधा सूर्यमालेची नाहीतर हृदयाच्या कप्प्यांची असतात. यवतमाळसारख्या कपाशीच्या जिल्ह्यात या तंत्राचा पहिला उपयोग कीटकनाशकाच्या लेबलावरील धोक्याची खूण समजावून देण्यासाठी व्हावा, असे निवृत्त विज्ञान शिक्षक या नात्याने मला सुचवावेसे वाटते.

२०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यांवर इशारा नव्हता, असे नाही. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार प्रत्येक लेबलावर तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा, म्हणजे त्रिकोणाचा, लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग उतरत्या क्रमाने विषारीपणा सांगतो आणि लाल असेल तर वर कवटी व हाडांचे चित्र असते. परंतु लेबलाच्या दर्शनी भागाचा सोळावा हिस्सा या चौकोनाने व्यापला की नियमाची पूर्तता होते, त्यामुळे छोट्या बाटलीवर तो जेमतेम नखाएवढा उरतो. शिवाय हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक हा रंग एकाच वेळी पोटात किंवा त्वचेवाटे शरीरात गेलेल्या विषाचा हिशेब देतो. हंगामामागून हंगाम अंगावर उडणाऱ्या तुषारांविषयी तो काहीच सांगत नाही.

इथे एआर कामाचे ठरेल. पाठ्यपुस्तकातील छापील त्रिकोणावर कॅमेरा धरताच पानावर डोक्याएवढ्या उंच कपाशीची ओळ आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस उभा राहावा. विद्यार्थ्याने वाऱ्याची दिशा बदलली की तुषार त्याच्या चेहऱ्यावर आणि उघड्या हातांवर येताना दिसावेत. त्यानंतर शरीराची लक्षणे दाखवावीत. ऑर्गनोफॉस्फरस या रासायनिक गटातील कीटकनाशकांची बाधा झाली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, पुढे श्वास कोंडू लागतो. उन्हामुळे मळमळते आहे, असे म्हणून झाडाखाली आडवे होणाऱ्या बापाच्या डोळ्यांत नीट पाहणारे मूल घरात असेल, तर दवाखान्याची वाट वेळेत धरली जाईल. जाताना कीटकनाशकाचे लेबल सोबत न्यावे, हेही त्याला ठाऊक असेल.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागेल. कॅमेरा धरण्यासाठी मुलांनी घरातले किंवा बांधावरचे खरे डबे हाताळता कामा नयेत, म्हणून हा धडा केवळ पुस्तकातल्या चित्रावरच चालणारा असावा. दुसरे म्हणजे तो इंटरनेटविना आणि साध्या स्मार्टफोनवर चालला पाहिजे, कारण गावात स्मार्टफोन बहुधा वडिलांचाच असतो आणि तो मुलांच्या हाती येतो संध्याकाळी. मुलांसोबत वडिलांनीही तो धडा पाहावा, यासाठी ही वेळ खरे तर सोयीचीच आहे. ‘बालभारती’च्या पुस्तकांत क्यूआर कोड आलेले आहेत, त्यामुळे पानावर मोबाइल धरणे मुलांना नवे नाही.

अर्थात, हातमोजे आणि मुखपट्टी स्वस्तात व वेळेवर मिळाली नाहीत, तर नुसते चित्र पाहून विष अंगात शिरायचे थांबणार नाही. कृषी विभागाने ती जबाबदारी शाळेवर ढकलू नये. मजकुराची तपासणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी मिळून करावी. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात आणि ऑगस्टपासून कपाशीवरच्या फवारणीला जोर येतो. हा धडा वार्षिक नियोजनात जुलैतच यावा. दिवाळीनंतर शिकवला, तर तो हंगाम हातचा गेलेला असेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जि. यवतमाळ