नखाला लागलेली खाच

आदरणीय काका,

हे पत्र तुमच्या हाती पडले तरी तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण अमेरिकेतल्या आयोवातल्या तुमच्या शेडमध्ये त्या दिवशी मी इंग्रजीत जेमतेम ‘थँक यू’ म्हणू शकलो आणि तेवढ्याने माझे समाधान झालेले नाही. तिथे मी तुम्हाला नावाने हाक मारतो, मराठीत मात्र काका म्हटल्यावाचून राहवत नाही.

माझ्या 1932 च्या फोर्डला 1948 ते 1952 या काळातल्या एफ-1 ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळवणारी दातेरी पेटी) आहे, आणि तो दोन वर्षे गळत होता. एका नावाजलेल्या वर्कशॉपने दोनदा सील (गळती अडवणारी कडी) बदलले, ग्रीस काढून 90 नंबरचे ऑइल भरले (जे अर्थातच आणखी वेगाने ठिबकू लागले), आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ‘हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान केलेली) म्हटली की गळायचीच’ असे हसत सांगून मलाच अडाण्यात काढले. बिलात ‘तपासणी’चे पैसे मात्र दोन्ही वेळा लावलेले होते.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. सेक्टर शाफ्ट, म्हणजे त्या पेटीतून बाहेर येणारा दांडा, बाहेर काढलात, पुसलात, मग माझ्या बोटाला लागलेले ग्रीस तुमच्या खिशातल्या फडक्याने पुसून काढलेत आणि माझे नख शाफ्टवर टेकवून हळूच सरकवलेत. सीलच्या जागी नख अडकले. डोळ्यांना न दिसणारी ती खाच कळली, तेव्हा मला दोन वर्षांचा सगळा हिशेब लागला. शाफ्टला आधार देणारे आतले बुश झिजलेले, त्यामुळे शाफ्टला प्ले (ढिलेपणा), आणि डुलणाऱ्या, खाच पडलेल्या शाफ्टला नवे सीलसुद्धा सगळीकडून सारखे धरणार कसे? हे तुम्ही मला सांगूनही भागले असते, पण गिऱ्हाइकाच्या हातालाही कळू शकते असे मानणारा माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता. खरे म्हणजे सचोटी म्हणतात ती बहुधा अशीच, बिनबोभाट असते.

नवे बुश आणि शाफ्ट बसल्यावर तुम्ही मका कापणीच्या यंत्रात भरतात ते पातळसर ग्रीस आणलेत. गाडीच्या सांगाड्याच्या सांध्यांना लावतात ते चॅसिसचे घट्ट ग्रीस पेटीतले दाते एकदा बाजूला सारतात आणि ते तिथेच चिकटून बसते. हे ढवळले की वाहते आणि थांबले की पुन्हा घट्ट होते, म्हणून दात्यांवर परतून येते आणि ठिबकतही नाही. शेतातली ही युक्ती वर्कशॉपवाल्यांना ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

गाडीखाली पुठ्ठा अंथरून आज सहा आठवडे झाले. रोज सकाळी मी वाकून पाहतो, आणि तो कोरडा असतो. तुमचे ते फडके माझ्याकडेच राहिले आहे. धुऊन ठेवले आहे, शनिवारी गाडी घेऊनच येतो.

आपला कृतज्ञ,
मक्याच्या शेतापलीकडचा शेजारी