सातबाऱ्याची तारीख होते तेव्हा

महोदय,

न मागता मदतीला धावणारे सॉफ्टवेअर बोलके असेल, तरच लोक त्याच्यावर चिडतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मध्ये पडद्यावर येणारी मदतनीस, ती डोळेवाली कागदाची क्लिप, अनेकांना आठवत असेल. इंग्रजी पत्राचा मायना लिहिला की ती मध्येच विचारायची, 'पत्र लिहिताय का, मदत करू?' लोक इतके वैतागले की २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये मायक्रोसॉफ्टने ती आधीपासूनच बंद ठेवली आणि ऑफिस २००७ मधून काढून टाकली. न बोलता होणाऱ्या मदतीची मात्र कुठेच तक्रार होत नाही, कारण ती झाल्याचे कळतच नाही.

एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये ७/१२ टाइप करून एंटर दाबा. संगणकाची तारीखपद्धत भारतीय असेल तर ७ डिसेंबर होते, अमेरिकी असेल तर १२ जुलै. सर्व्हे नंबर १२/३ चा १२ मार्च होतो. १४५/२ मात्र तसाच राहतो, कारण तशी तारीखच नसते. खरा घोटाळा इथे आहे. शंभर ओळींच्या यादीत दहा-बाराच बिघडतात आणि नजरेतून सुटतात. ओळखायची खूण एकच: मजकूर सेलमध्ये डावीकडे राहतो, तारीख उजवीकडे सरकते.

नंतर कॉलम 'टेक्स्ट' करून उपयोग नाही. २०२५ साली टाइप केलेल्या ७/१२ चे ४५९९८ होतात. कारण एक्सेल तारीख १९०० पासूनच्या दिवसांचा आकडा म्हणून साठवते. म्हणून टाइप करण्याआधीच कॉलम निवडून कंट्रोल आणि १ दाबावे आणि 'टेक्स्ट' निवडावे. एखादीच नोंद असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) डबल क्लिक करून कधीही उघडू नये. 'डेटा' टॅबमधून आणावी आणि त्या कॉलमचा प्रकार तिथेच 'टेक्स्ट' करावा.

जनुकांच्या नावांच्या अशाच तारखा होत असल्याने शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने 'मार्च१' चे 'मार्चएफ१' केले. २०२० च्या नियमांत तसे कारणही दिले. पुढे एक्सेलमध्ये असे रूपांतर बंद करायची सोय आली, पण ती जोडून लिहिलेल्या अक्षर-आकड्यांपुरती. तिरकी रेघ असली की तारीख होतेच. आपण सातबाऱ्याचे नाव काय बदलणार?

एमएस-सीआयटीच्या वर्गात आणि तलाठी कार्यालयांत कॉलम आधी 'टेक्स्ट' करण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक संगणक प्रशिक्षक, कोथरूड, पुणे