नखाने काढलेला एक खवला

काका, स.न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत.

जिगला, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाला, आमिष म्हणून माशाचा काप लावूनही नुसते हिसके बसतात, मासा काही येत नाही, हे याआधी बऱ्याच जाणत्यांना विचारून झालं होतं. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं हात जड आहे, एकाने तर आणखी महागाची जिग गळ्यात मारली. गळाच्या टोकाकडे बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. तुम्ही जिग हातात घेतलीत, टोक उजेडाकडे धरलंत आणि त्यावर अडकलेला खवला अंगठ्याच्या नखाने उडवलात. डाळीएवढा, पारदर्शक. "आता टाका," एवढंच बोललात.

टोकावर खवल्याची अशी टोपी बसली की गळ कितीही धारदार असो, माशाच्या तोंडात रुततच नाही, सरकून बाहेर येतो. म्हणून गळ जिथून जाणार तिथले खवले आधीच खरवडायचे, कातडी मात्र ठेवायची. कातडीशिवायचा काप दोन फेकींत सुटून जातो.

तुमचा कापही बघून ठेवलाय. चार-पाच सेंटिमीटर लांब, जेमतेम एक सेंटिमीटर रुंद, शेपटाकडे निमुळता. मांस तासून तीन-चार मिलिमीटरच ठेवलेलं, जाड राहिलं की पट्टी लवत नाही. गळ रुंद टोकापासून अर्ध्या सेंटिमीटरवर, बरोबर मधोमध, एकदाच टोचलेला. गळाचं टोक आणि त्याचा वळणाचा बाक मोकळा. आम्ही मात्र काप पक्का बसावा म्हणून दोन-तीनदा ओवून त्याचा बोळा करायचो. बाक भरला की मासा आमिष चावतो आणि गळ चुकवतो. शिवाय कडेला टोचलेला किंवा गोळा झालेला काप ओढताना भिंगरीसारखा फिरतो आणि दोरीला पीळ बसतो. पीळ बसल्याचं कळतं केव्हा, तर दोरी ढिली सोडल्यावर रिळाजवळ वेटोळी पडतात तेव्हा! काठाजवळ हातभर पाण्यात एकदा ओढून बघितलं तरी काप सरळ येतो की फिरतो ते दिसतं. तीन-साडेतीन ग्रॅमच्या हलक्या जिगवर तर हे बघायलाच हवं, तिला काप जरा मोठा झाला तरी तोल जातो.

काप पांढराफटक पडला की बदलायचा, त्यातला वास धुऊन गेलेला असतो. बर्फातून काढलेला मासा लिबलिबीत होतो, त्याला खडे मीठ लावून ठेवलं की पाणी सुटून मांस घट्ट होतं. हेही तुमच्याच डब्यात बघितलं.

स्वतःची दोरी पाण्यात सोडून दुसऱ्याचा गळ तपासायला कोण उठतं हो? बहुतेकांना आपली युक्ती झाकून ठेवण्यातच मोठेपणा वाटतो. तुम्ही जाताना उरलेल्या पट्ट्या डब्यासकट ठेवून गेलात. डबा तीनदा घासलाय, वास काही जात नाही. तसाच परत घ्याल ना?

तुमचा ऋणी,
शेजारचा गळवाला