तुझं मिथेनॉल

परळ, मुंबई
१२ ऑगस्ट

प्रिय बंड्या,

चार महिन्यांत ओळ नाही, तेव्हा आधी शिव्या घालून मोकळा हो. आईचा गुडघा तसाच, माझी सर्दी तशीच. लिहायला बसलोय ते सूक्ष्मदर्शकाखालचे सेन्प-एचे (गुणसूत्राच्या कमरेवर, सेंट्रोमिअरवर, बसणारं आपलं ते प्रोटीन) ठिपके गायब झाले म्हणून. घरी सांगितलं तर "शोध की मग, तिथेच असतील" असं उत्तर मिळालं. म्हणून तू.

ते दाखवणारी सशाची जुनी पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींची मिसळ, संपली. नवी आणली ती उंदराची मोनोक्लोनल, एकाच प्रकारची अँटिबॉडी, सेन्प-एच्या एन-टोकाच्या ३ ते १९ या अमिनो आम्लांवर बनवलेली. ब्लॉटची (पेशी फोडून, प्रोटीनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून घेतलेल्या चाचणीची) दृष्ट काढावी: १७ किलोडाल्टनला एकच बँड, शेजारच्या एच-३ या नात्यातल्या हिस्टोनला स्पर्शही नाही. पण तीच हेला या माणसाच्या पेशींवर घातली की केंद्रकात नुसता सांडलेला रवा. विभाजनाच्या मध्यावर, मेटाफेजमध्ये, गुणसूत्रागणिक जोडठिपका हवा, तिथे मिट्ट काळोख.

पहिला संशय कुरियरवर. खोका भर पावसात आला, आतल्या जेल पॅकचं पाणी झालेलं. पण आयजीजी जातीची अँटिबॉडी दोन दिवसांच्या उकाड्याने मरत नाही, आणि मेली असती तर ब्लॉट कुठून आला?

दुसरा संशय आमच्या नव्या पोराने खुद्द अँटिबॉडीवरच घेतला. सेन्प-ए बनणं थांबवणारा सायआरएनए घालून ४८ तासांनी ब्लॉट लावला, बँड जेमतेम निम्म्यावर, की लगेच "सर, ही खोटी आहे." अरे, सेन्प-ए एकदा क्रोमॅटिनमध्ये, डीएनए-प्रोटीनच्या गुंडाळीत, बसलं की जागचं हलत नाही. डीएनएची प्रत निघताना जुनंच दोन्हीकडे वाटलं जातं आणि नवं विभाजन संपल्यावर, जी-१मध्ये, भरलं जातं. नवं बनणं पूर्ण थांबवलंस तरी जुनं दर विभाजनाला निम्मं होणार, त्याहून लवकर नाही. ७२ ते ९६ तास थांब म्हटलं. त्याआधी याच महाराजांनी रिपा बफरमध्ये पेशी फोडून तळाला बसलेली पेलेट सिंकमध्ये ओतली होती, म्हणजे सगळं क्रोमॅटिन गटारात. आता थेट सगळं विरघळवणारा गरम लेमली बफर, ध्वनिलहरींनी फोडणं (सोनिकेशन), १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनची मेंब्रेन. ०.४५ची वापरली की एवढंसं प्रोटीन आरपार निघून जातं.

मग रात्री दीडला तुझा आवाज कानात. फिक्सेशन, म्हणजे रंगवण्याआधी पेशी जागच्या जागी पक्क्या करणं!

मी ४ टक्के फॉर्मल्डिहाइड, २० मिनिटंवाला. आठवतं ना, कँटीनमध्ये तू "थंड मिथेनॉल, थंड मिथेनॉल" करत टेबल आपटलंस आणि मी म्हटलं, मिथेनॉलने पेशींचं सुकट होतं? त्या दिवशीच्या चहाचे पैसे मीच दिले होते, हेही लक्षात ठेव. तेव्हा मी जिंकलो ते पॉलिक्लोनलच्या जिवावर. तिच्यात नाना जागा धरणाऱ्या अँटिबॉडी, फॉर्मल्डिहाइडने चार जागा बुजवल्या तरी दोन उघड्या राहायच्या. या नवीला तेवढाच सतरा अमिनो आम्लांचा तुकडा ठाऊक. त्यात आर्जिनिनची रांग आणि एक लायसिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडला पूल बांधायला आयती जागा. ब्लॉटमध्ये एसडीएस (साबणच तो) सगळं उलगडून ठेवतं, म्हणून तिथे बँड छान आणि स्लाइड आंधळी.

दोन कव्हरस्लिप शेजारी लावल्या. एक माझी, एक तुझी: उणे २० अंशांचं मिथेनॉल, १० मिनिटं. दोन्हींवर नवी अँटिबॉडी लाल रंगात आणि सोबत स्क्लेरोडर्मा या आजाराच्या रुग्णाचं, सेंट्रोमिअर धरणाऱ्या अँटिबॉडींचं सीरम हिरव्यात, म्हणजे सेंट्रोमिअर कुठे आहे यावर वाद नको. (१९८५मध्ये अर्नशॉ आणि रॉथफिल्डना सेन्प-ए, बी, सी असल्याच सीरमनी दाखवली, माहीत आहे तुला, तरी सांगतो.) सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरून रंग देणाऱ्या) मात्र मुद्दाम क्रॉस-अॅडसॉर्ब्ड घेतल्या, नाहीतर उंदराची सेकंडरी माणसाच्या आयजीजीला चिकटून खोटा पिवळा दाखवते. माझ्या कव्हरस्लिपवर हिरवे ठिपके आणि लाल रवा. तुझ्यावर लाल ठिपका थेट हिरव्यावर, मेटाफेजमध्ये जोडीजोडीने.

जिंकलास. पण झोप कुठे? माझ्या त्या पेशींत ट्युब्युलिनला जीएफपी हे चमकणारं प्रोटीन लावलेलं आहे, आणि मिथेनॉल जीएफपीची चमक मारतं. ठिपके हवेत तर स्पिंडल (गुणसूत्रं ओढणारे ट्युब्युलिनचे धागे) जातो, स्पिंडल हवा तर ठिपके. ट्रायटन या साबणाने आधी धुऊन फॉर्मल्डिहाइड ५ मिनिटांवर आणून पाहिलं, ठिपके आले पण इतके फिके की मोजताना दोघांचे आकडे जुळेनात. तेव्हा मिथेनॉलच ठेवायचं आणि मेलेली जीएफपी अँटिबॉडीने उठवायची. उंदराची आणि माणसाची जागा भरली, म्हणून सशाची हवी. तुझ्याकडे आहे. ५० मायक्रोलीटर दे.

वहिनींची नोकरी लागली हे उशिरा कळलं, अभिनंदन सांग. धाकटीची दहावी यंदाच ना? गणपतीला येतोयस की नाही ते कळव.

तुझा,
विन्या

ता.क. ५-५ मायक्रोलीटरच्या ट्यूब करून दे. आमचा फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा आहे, त्याच्या पोटात एकच बाटली ठेवली तर महिन्याभरात तिचीही गत पेलेटसारखी.