इंग्रजांचे वकील मॅलेटसाहेब यांना आभारपत्र

राजश्री चार्ल्स मॅलेट, वकील इंग्रज, यांसी विनंती विशेष.

आभार पुणे दरबारातल्या तुमच्या वकिलीचे, म्हणजे राजदूतपणाचे, नाहीत. ती कंपनीची चाकरी होती, आणि टिपूविरुद्धच्या तहाचं बक्षीस म्हणून १७९१ मध्ये तुम्हाला बॅरोनेट हा किताब मिळालाच. आभार आहेत ते तुमच्या कागदांचे.

१७८६ पासून जवळजवळ अकरा वर्षं तुम्ही पुण्याहून खलिते धाडत राहिलात. ते गो. स. सरदेसाईंनी १९३६ मध्ये छापून आणले, आणि सवाई माधवरावांच्या दरबारातल्या घडामोडींना पक्क्या इंग्रजी तारखा मिळाल्या. आमच्या मोडी कागदांत तिथी असते, नाहीतर अरबी चंद्र (अरबी महिन्याची तारीख) आणि सुहूर सन, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्रावर बदलणारं जुनं वर्ष. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत त्या सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. घोळ होतो तो मृगाच्या तोंडावर. तुमचा तह १ जून १७९० चा, म्हणजे सुहूर ११९० संपायला जेमतेम दोन-चार दिवस उरलेले. तिथे ५९९ मिळवले की तह एक वर्ष मागे जातो. शंका आली की तुमचा खलिता उघडायचा.

मात्र नाना फडणविसांच्या मनात काय चाललंय, हे तुम्ही लिहिता ते ऐकीव धरावं. दरबारात तुमच्यासमोर जे बोललं गेलं, त्याला वजन द्यावं.

त्या तहाचं थॉमस डॅनियलने रंगवलेलं चित्रही जपूनच वापरावं. ते १८०५ चं. ज्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून ते बेतलं, तो पुण्यात आला १७९२ मध्ये. तहाच्या वेळी दोघांपैकी कुणीच हजर नव्हतं! चेहऱ्यांसाठी ते पाहावं. कोण कुठे बसलं होतं, याचा पुरावा म्हणून नको.

खरं ऋण तुम्ही कामाला ठेवलेले पुण्याचे चितारी गंगाराम चिंतामण तांबट यांच्यापायी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला (प्राणिसंग्रहातला) गेंडा त्यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये काढला, पुढे वेरूळची लेणी काढली. वेरूळवरचा तुमचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आला. गंगारामांची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, त्यांच्या नावासकट. त्या काळी साहेबांनी इथल्या चिताऱ्यांकडून काढवून घेतलेल्या कितीतरी चित्रांवर चिताऱ्याचं नावच नसतं, ‘कंपनी शैली’ एवढंच काय ते. गंगाराम त्यातून सुटले.

बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती.

पेशवाईचे कागद वाचणारे काहीजण