पाणी कुठवर आलं होतं

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

"किती सुटले?" असं बाबांनी फोनवर दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी "खरेदीखत होऊ दे, मग सांगते" म्हणून विषय बदलला. परवा ते झालं, घर विकलं. म्हणून लिहिते. फोनवर मला हे सलग सांगता आलं नसतं, आणि आईनं मध्येच जेवलीस का विचारलं असतं.

शाहूपुरीतलं हे घर दुरुस्त करून विकायचं म्हणून 46 लाखांना घेतलं होतं. माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यानं मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला, तरी नोंदणी, वकील धरून पावणेतीन लाख गेले. दुरुस्तीचा अंदाज सात लाखांचा होता, झाले अकरा लाख चाळीस हजार. स्वयंपाकघराची मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा बेत होता. गवंड्यानं घण खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, घर भिंतीवर उभं हाय, ह्यात पिलर न्हाईत." तिथं लोखंडी गर्डर टाकण्यातच लाखभर गेले. बाबा, तुम्ही ओव्हरसियर असताना अशा किती भिंती वाचवल्या असतील, आणि मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही.

पण खरी गोष्ट दुसऱ्याच भिंतीची आहे. ज्या आजींकडून घर घेतलं, त्यांनी पहिल्याच भेटीत हॉलमध्ये नेऊन माझ्या खांद्याजवळ बोट टेकवलं. "इथवर. एकोणीसलाबी आणि एकवीसलाबी." राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहे. दुसऱ्या पुरानंतर आजींचा धीर सुटला, मुलं पुण्याला. भाव त्यांनी स्वतःच उतरवला. आम्ही आणखी दीड लाख पाडून घेतले. तेव्हा मला स्वतःची हुशारी वाटली होती.

खालच्या भिंतींना लोणा लागलेला, गिलाव्याच्या खपल्या हाताला येत होत्या. तो सगळा खरवडून नवा करायचा तर वेळही जातो आणि पैसाही. पेंटर म्हणाला, "पुट्टी मारू, वरनं वॉलपेपर. चार पावसाळं काय कळत न्हाई." आणि आम्ही मारली. एजंटचं म्हणणं, कोल्हापूरचं गिऱ्हाईक गल्लीचं नाव ऐकूनच चप्पल घालतंय, तेव्हा बाहेरगावचं बघू. दिवाळीत बाबांनी त्या वॉलपेपरवर किल्लीनं टकटक केली आणि काही न बोलता चहा मागितला. ती टकटक मला अजून ऐकू येते.

सोलापूरचं जोडपं आलं. त्यांची इकडं नुकतीच बदली झालेली. 71 लाखांवर तोंडी ठरलं. जाता जाता बाईंनी विचारलं, "पाणी येतं का हो इथं?" मी म्हणाले, "एकवीसनंतर नाही आलं." शब्दाशब्दानं खरं. सोलापूरच्या माणसाला "एकवीसनंतर" म्हणजे काय ते कसं कळणार? त्यांना वाटलं, मी नळाच्या पाण्याचं समजले. म्हणाल्या, "नाही, म्हणजे पावसात." आणि मी दार ओढून घेतलं.

त्या रात्री मी फक्त हिशेब करत बसले होते. आजींनी खरं सांगितलं म्हणून घर स्वस्तात मिळालं. तेच खरं पुट्टीखाली घालून आम्ही महाग विकणार होतो. आमचा नफा म्हणजे एवढाच. फरशी, रंग, नवीन ओटा ह्यांनी घराची किंमत वाढली असेल, पण खर्चाच्या पलीकडं फारशी नाही.

दोन दिवसांनी त्यांना परत बोलावलं, वॉलपेपरची एक पट्टी सोलली आणि बोट टेकवलं. घरमालकीण होऊन वर्षभरात माझा खांदा काही खाली आला नव्हता. ते दोघं उठून गेले. आठवड्यानं परत आले, वरचा मजला कोरडा राहतो ना एवढंच विचारलं, आणि 66 म्हणाले. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. वकिलांनी नंतर सांगितलं, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार गिऱ्हाइकाला सहज न दिसणारा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनच आहे. मला तेव्हा कलम ठाऊक नव्हतं, पण ह्यांचा अबोला त्यानं सुटला.

आता हिशेब. चौदा महिन्यांचं कर्जाचं व्याज तीन लाख तीस हजार, दलाली 66 हजार. हाती एक लाख नव्वदच्या आसपास. दोन वर्षांच्या आत विकल्यानं त्यावर माझ्या पगाराच्या स्लॅबनंच कर बसेल. बाबांचे फंडातले चार लाख सोमवारी खात्यात जमा होतील. आईच्या पाटल्या सोडवून आणल्यात, येताना घेऊन येते.

ह्यांचे मित्र मंगळवार पेठेतला एक वाडा सांगताहेत. दोघी बहिणींचं हक्कसोडपत्र झालेलं नाही, "त्या काय येणार नाहीत" असं म्हणतात. कुणी तुमच्याकडं गारगोटीला येऊन पैशाचं बोललं, तर आई, तू चहा दे आणि बाबांना बोलू देऊ नकोस.

सोलापूरच्या बाईंनी मीटर आणि सगळे बोर्ड त्या खुणेच्या वर घेऊन मागितलेत. वायरमन उद्या सकाळी येतोय. त्याचे अठरा हजार वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

तुमची,
सुनी